घर गाडीत, मुक्काम रस्त्याकाठी : पर्यटक येतात, गावाच्या पदरात काय पडते?

घरासकट प्रवासाला निघणे ही आपल्या भागात काही नवलाची गोष्ट नव्हे. कार्तिकी पौर्णिमेच्या रामटेक यात्रेला जुनी माणसे बंडी जुंपून निघत. बंडीत तांदळाची चुंगडी, पीठ, वांगी, बैलांसाठी तणीस आणि पांघरायला घोंगड्या. रात्र पडली की विहिरीजवळ बैल सोडायचे, गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे आणि बंडीखालीच अंग टाकायचे. आता हेच काम मोटारगाडी करू लागली आहे. गाडीतच झोपायची सोय, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, काही गाड्यांत संडास-न्हाणीसुद्धा. तिला कॅरॅव्हान म्हणतात. अशा प्रवासाला चालना देण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटन धोरण जाहीर केले. हॉटेल नसलेल्या ठिकाणीही पर्यटकाला मुक्काम करता यावा, हा त्यामागचा हेतू.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चार सहकाऱ्यांनी अशी एक गाडी भाड्याने घेतली आणि तीन दिवस नागपूर जिल्ह्यातच फिरलो. कृषी विस्ताराच्या कामामुळे या गावांना आमचे नेहमीच जाणे असते. पण ते मोटारसायकलवर, पीक पाहणीचे नाहीतर पंचनाम्याचे कागद घेऊन. पाहुणा म्हणून त्याच गावात उतरले की वेगळ्याच गोष्टी डोळ्यांत भरतात. पर्यटक कुठे थांबतो, कुठे न थांबता निघून जातो, पैसा कशावर खर्च करतो, हे या फेरीत नीट पाहायला मिळाले. शेतकरी बंधू आणि ग्रामपंचायतीचे कारभारी यांच्यासाठी ते येथे मांडत आहे.

जबलपूर रोडने उत्तरेकडे

सकाळी नागपुरात तर्री-पोहे खाऊन निघालो. कामठी, कन्हान मागे टाकले की दोन्ही बाजूंना धानाची वावरे लागतात. पेंच प्रकल्पाच्या कालव्याचे हे पाणी. तोतलाडोह आणि खालचे नवेगाव खैरी या धरणांवर इथली शेती उभी आहे आणि नागपूर शहराचे पिण्याचे पाणीही तिथूनच येते. रस्त्याने जाणाऱ्याला जंगल म्हणजे वाघ एवढेच दिसते. पण पेंचचे जंगल पाणी धरून ठेवते म्हणून शहराचा नळ चालतो, हे गावकऱ्याने पाहुण्याला आवर्जून सांगावे.

पुढे मनसर लागते. मँगनीजच्या खाणी आणि टेकडीवर उत्खननात निघालेले विटांचे प्राचीन अवशेष, दोन्ही एकाच गावात. वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे बरेच संशोधक मानतात. महामार्गापासून हे ठिकाण अगदी जवळ आहे, तरी दहातल्या नऊ गाड्या सुसाट पुढे जातात. इथे सोळाशे वर्षांपूर्वीचे काही आहे, हे वाटसरूला कळणार तरी कसे? रस्त्यावर ठळक पाटी नसेल तर मोठे ठिकाणही लपून राहते.

मनसरनंतर देवलापारकडे जाताना साग, मोह, तेंदू, ऐन यांचे रान सुरू होते. देवलापारला गोविज्ञान अनुसंधान केंद्र आहे. गोपालन आणि शेणखताच्या कामात रस असलेल्या शेतकऱ्याने ते वाटेत जरूर पाहावे.

वरून ट्रक, खालून वाघ

या रस्त्यावर पाहण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट आहे तो रस्ताच. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ७, आताचा ४४. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरीकरणाचा प्रश्न आला तेव्हा जंगलाचे दोन तुकडे होतील म्हणून मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले. शेवटी मार्ग निघाला तो असा की, महाराष्ट्राच्या हद्दीत जंगलाच्या भागात रस्ता ठिकठिकाणी खांबांवर उचलायचा आणि जनावरांना खालून वाट मोकळी ठेवायची. लहान पूल आणि भुयारी वाटा मिळून अशी नऊ बांधकामे झाली. सर्वांत लहान ५० मीटरचे, तर सर्वांत मोठे ७५० मीटरचे आहे.

‘जनावराला पूल कळतो का?’ असे तेव्हा पुष्कळ जण विचारत. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये या पुलांखाली कॅमेरे लावून पाहिले. मार्च ते डिसेंबर या काळात १८ जातींचे वन्यप्राणी खालून ये-जा करताना टिपले गेले. नोंदी झाल्या ५ हजार ४५०. सर्वांत जास्त चितळ, शिवाय रानडुक्कर, रोही, रानकुत्रे आणि वाघसुद्धा. वाट ठेवली तर जनावर ती वाट धरते, हे यावरून दिसून आले. पुढे समृद्धी महामार्गावरही वन्यप्राण्यांसाठी वरून आणि खालून वाटा ठेवण्यात आल्या.

मात्र वाट ठेवली म्हणजे काम संपले नाही. ती मोकळीही राहिली पाहिजे. पुलाखाली सावली असते म्हणून तिथे गाडी लावणे, डबा सोडणे, गुरे बसवणे, मोटारसायकल घालणे हे प्रकार टाळावेत. माणसाचा राबता वाढला की जनावर पुन्हा वर रस्त्यावर चढेल, आणि रात्री ट्रकसमोर आले तर जनावर जाते आणि कधी चालकही जातो. तीच गोष्ट वानरांची. गाडीतून फुटाणे, केळी फेकणारे लोक हौशीने फेकतात. पण वानर त्यामुळे रस्त्याच्या कडेला बसायला शिकते आणि चाकाखाली येते. आमच्या डोळ्यांदेखत एका गाडीने पिल्लू थोडक्यात वाचवले.

अंधार विकता येतो

पहिला मुक्काम सिल्लारीजवळ केला. पेंचला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पलीकडे मध्य प्रदेशातही पेंच आहेच. किपलिंगने ‘जंगल बुक’मधला मोगली याच शिवनीच्या रानात वाढवला, पण तो स्वतः इथे कधी आला नव्हता. त्याने न पाहिलेल्या जंगलाच्या नावावर आज हजारो लोक येतात, हे विशेष!

परंतु सिल्लारीला आम्हाला सर्वांत भावला तो रात्रीचा अंधार. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातले हे असे पहिलेच ठिकाण. शहराच्या उजेडात न दिसणारे तारे इथे स्वच्छ दिसतात. ही मान्यता आकाशातून पडली नाही. सिल्लारी, पिपरिया, खापा आदी गावांतले शंभरावर पथदिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला. उजेड जिथे पाहिजे तिथे, म्हणजे पायाखाली पडू लागला. साप-विंचू दिसायला तो पुरेसा आहे आणि आकाश काळे राहते.

सरपंच मंडळींनी यावर जरूर विचार करावा. विजेचा दिवा आला तेव्हा गावाला मान वाटला, तो योग्यच होता. आता अंधार नीट राखला तर तोही गावाची मिळकत होऊ शकतो. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. पथदिव्यांना वरून झाकण, मंद पिवळसर उजेड आणि समारंभातले झगमगते दिवे वेळेत बंद करण्याची शिस्त, एवढेच पाहिजे.

रामटेक, आंभोरा आणि वाटेवरची खरेदी

दुसऱ्या दिवशी मागे वळून रामटेकला आलो. गडावर राममंदिर, वाकाटककालीन नृसिंह मंदिरे आणि कालिदास स्मारक. खाली अंबाळा तलाव, थोड्या अंतरावर खिंडसी. गडावरच्या वानरांपासून प्रसादाची पिशवी सांभाळावी लागते, हे जाणकारांना सांगायला नको. रामटेकच्या पानमळ्यांचे नाव जुने आहे. हिवाळ्यात तलावांकाठचे शिंगाडे विकायला येतात. आम्ही उकडलेले शिंगाडे घेतले. विकणाऱ्या बाईने ते कसे लावतात, कसे काढतात ते सांगितले. मग आम्ही आणखी घेतले. माल तोच, पण त्यामागची माहिती मिळाली की गिऱ्हाईक हात आखडत नाही.

रामटेकहून मौद्यावरून कुही तालुक्यातल्या आंभोऱ्याला गेलो. वैनगंगा, कन्हान, आम, कोलारी आणि मुरझा अशा पाच नद्यांचा हा संगम. चैतन्येश्वराचे देवस्थान आहे. आद्यकवी मुकुंदराजांचे नाव या जागेशी जोडले जाते. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडणारा तारांचा मोठा पूल २०२४ मध्ये खुला झाला. त्याच्या उंच खांबावर दृश्य पाहायला सज्जा आहे. सुटीच्या दिवशी इथे गर्दी होते. खाली पसरलेले पाणी हे गोसीखुर्द धरणाचे. १९८८ मध्ये त्याची कोनशिला बसली आणि याच पाण्यात कित्येक गावांची वावरे गेली. पाहुणा पुलावर उभा राहून पाण्याचा फोटो काढतो. त्या पाण्याखाली ज्यांचे घर होते, त्यांच्या पोराला निदान काठावर चहाची टपरी लावायला जागा मिळाली पाहिजे की नाही? पर्यटनाच्या जागा वाटताना ग्रामपंचायतीने प्रकल्पग्रस्त कुटुंबांचा विचार आधी करावा, असे आवर्जून सुचवावेसे वाटते.

कऱ्हांडल्याचा धडा

तिसरा दिवस उमरेडकडचा. कोळशाच्या खाणींचे उमरेड ओलांडले की उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य येते. २०१२ मध्ये जाहीर झालेले हे अभयारण्य सुमारे १८९ चौरस किलोमीटरचे, म्हणजे तसे लहानच. नागझिऱ्याहून चालत आलेल्या ‘जय’ वाघाने त्याला देशभर नाव मिळवून दिले. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कोणाला दिसला नाही, तरी लोक अजून त्याचे नाव काढतात.

याच अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगावच्या सफारी मार्गावर एक वाघीण आणि तिची पाच पिल्ले पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत सगळीकडे पसरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि जिप्सीचालक व गाइड यांच्यावर कारवाई झाली. हे चालक-गाइड असतात कोण? आपल्याच गावांतली पोरे. ‘जरा जवळ घे ना भाऊ, वरून देतो’ असे पाहुणा म्हणतो, पण काम जाते ते गावच्या पोराचे. पाहुणा नागपुरात जाऊन फोटो दाखवत बसतो. म्हणून गावातल्या प्रत्येक गाइडला आणि चालकाला ‘नाही’ म्हणण्याचे बळ गावाने दिले पाहिजे. वाघ आज नाही दिसला तर उद्या दिसेल. पण रोजी एकदा गेली की परत मिळणे कठीण.

भिवापूरची लाल वावरे

उमरेडहून पुढे भिवापूर. हिवाळा सरता सरता इथल्या मिरचीच्या सातऱ्यांवर लाल गालिचा अंथरल्यासारखा दिसतो. बायाबापड्या ओळीने बसून देठ खुडत असतात. नाकाला झणका लागतो आणि डोळ्यांत पाणी येते, तरी गाडी थांबवावीशीच वाटते. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु संकरित वाणांच्या रेट्यात अस्सल भिवापुरी लावणारे शेतकरी थोडे उरले. नागपुरी संत्र्यालाही २०१४ पासून हे मानांकन आहे.

मानांकन गावाला मिळाले म्हणजे प्रत्येकाच्या पाकिटावर शिक्का आपोआप येत नाही. शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवावे लागते. बचत गटाने अस्सल मिरचीचे पाव किलोचे पाकीट, त्यावर गावाचे नाव, वाण, दळल्याची तारीख आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक टाकून रस्त्याकाठी ठेवले, तर येणारा-जाणारा ते घेईल. आम्ही स्वतः शोधून शोधून एका घरून घेतले. रस्त्यावर दुकान असते तर शोधावे लागले नसते.

पाहुण्याचा वाघ, शेतकऱ्याची जागल

आता खरी गोष्ट. एका टपरीवर चहा घेताना म्हातारबुवांनी विचारले, ‘वाघ पाहायला चालले का जी? आमच्या वावरात या. डुकरं तर रोजच येऊन राहिले, फुकटात दाखवतो.’ सगळे हसले, पण हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जंगलाकाठी हरभरा, तूर, धान, सोयाबीन काहीही लावा, रानडुक्कर आणि रोही एका रात्रीत वाफे साफ करतात. थंडीत मचाणावर जागल करायची आणि दिवसा पुन्हा वावरात राबायचे. गुराखी माणूस वाघाच्या तोंडी जातो, ते दुःख तर मोजताच येत नाही. ज्या जनावरांवर पर्यटन चालते, त्यांचा खरा खर्च हा शेतकरी भरतो. म्हणून त्या पर्यटनाचा पहिला पैसा त्याच्या गावात पडला पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे, हा हिशेब आहे.

नुकसान झाल्यास आळस करू नये. पिकाच्या नुकसानीचा अर्ज तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे द्यावा. गुरे मारली गेल्यास ४८ तासांत कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नये. कुंपणात विजेचा चालू प्रवाह कदापि सोडू नये. तो गुन्हा आहे आणि त्यात वाघापेक्षा शेजारचा माणूसच आधी जातो. सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून मदत मिळते. त्यासाठी गावच्या वनरक्षकाला भेटावे. गावातल्या कुत्र्यांना आणि गुरांना वेळेवर लसी टोचून घ्याव्यात. गावचा रोग जंगलात आणि जंगलातला गावात येतो.

गावाने काय करावे?

तीन दिवसांच्या फेरीत आम्ही नऊ-दहा ठिकाणी थांबलो. प्रत्येक वेळी थांबायचे कारण साधेच होते. त्यावरून पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१) स्वच्छ संडास आणि पाणी. बायका-मुले सोबत असलेली गाडी आधी हे शोधते. कुलूप लावलेला संडास असून नसून सारखाच. बचत गटाकडे देखभाल द्यावी आणि माफक शुल्क ठेवावे.

२) गाडी लावायला सपाट, मुरमाड जागा आणि एक-दोन झाडांची सावली. कॅरॅव्हानला याशिवाय पाण्याचा नळ, विजेची जोडणी आणि सांडपाण्याचा शोषखड्डा लागतो. संडासाच्या टाकीतला मैला मात्र शोषखड्ड्यात किंवा नाल्यात सोडू देऊ नये. त्याला सेप्टिक टाकीच पाहिजे.

३) शेतावर राहण्या-खाण्याची सोय करायची असेल तर राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून लागू आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी. चुलीवरची भाकर, ओल्या तुरीच्या उकडलेल्या शेंगा, वांग्याची भाजी, मुंगवडे हे शहरवाल्याला हॉटेलपेक्षा जास्त आवडते.

४) काटा चोख आणि भाव पाटीवर. एकदा फसलेला पाहुणा दहा जणांना सांगतो.

५) गावाच्या तोंडावर पाटी : वेग कमी करा, जनावरांना खाऊ घालू नका, कचरा परत न्या. प्लास्टिकसाठी पिंप ठेवावे आणि ते वेळेवर रिकामे करावे.

६) पाहुण्याला जंगलात पायी किंवा आडवाटेने नेऊ नये. सफारी ठरलेल्या फाटकातूनच, आधी नोंदणी करून आणि गाइडसोबत. रात्रीचा मुक्काम गावाच्या ठरवलेल्या जागेतच असावा.

७) तरुणांनी जुन्या गाडीला झोपायची सोय करून भाड्याने द्यायचे मनात आणले तर आधी आरटीओची परवानगी घ्यावी. परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल केला तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडतात.

यातल्या बऱ्याच गोष्टींना वेगळी योजना लागत नाही. ग्रामसभेत एक ठराव, बचत गटाची एक बैठक आणि थोडे श्रमदान एवढ्यावर सुरुवात होते. रस्ता शासनाने केला, जनावरांसाठी पूलही बांधले. रस्त्यावरून जाणारी गाडी आपल्या गावात थांबेल की धूळ उडवत जाईल, हे ठरवणे मात्र गावाच्या हातात आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय पटलावर घ्यावा, अशी सर्व सरपंचांना विनंती.